नाव घातलेली सायकल

आमच्या धारवाडातल्या मालमड्डीच्या घरात माझं चरित्र माळ्यावर ठेवलेलं आहे. शिडी लावून वर गेलात तर क्रमवार सापडेल. सगळ्यांत आत बाजाची पेटी, जिच्यावर मी दोन महिने 'सारेगम' वाजवलं आणि 'प'च्या अलीकडे थांबलो. तिच्यापुढे होमिओपॅथीच्या गोळ्यांचं खोकं. हा अभ्यासक्रम पोस्टाने होता आणि पोस्टातच राहिला. मग अळिंबी पिकवायचे ट्रे, ज्यांत अळिंबी सोडून बाकी सगळं उगवलं. आणि अगदी तोंडाशी मधमाश्यांची लाकडी पेटी. मधमाश्या आमच्याकडे एक दिवस राहिल्या. त्यांना घर आवडलं नसावं.

कमल, म्हणजे माझी बायको, यातल्या एकाही गोष्टीवरून मला कधी बोलली नाही. ती फक्त योग्य वेळी विचारायची, "हे आता वर ठेवू का?" लग्नाला एकोणीस वर्षं झाली. भांडणारी बायको परवडली, पण हा प्रश्न नको, असं माझं मत झालेलं आहे.

सायकलीचं प्रकरण दोन हजार तीन सालच्या गणपतीत सुरू झालं. आम्ही हुबळीला कमलच्या थोरल्या भावाकडे, मुकुंदरावांकडे, जेवायला गेलो होतो. मूळची ही मंडळी निपाणीची. आता दुर्गदबैल बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि वर घर. मुकुंदराव स्वभावाने वाईट नाहीत. पण माझी अळिंबी, माझ्या मधमाश्या, सगळं त्यांना तोंडपाठ. गिऱ्हाईक कुकर बघत असलं तरी ते त्याला माझी गोष्ट सांगतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन कुकर घेतं.

त्या दिवशी माझ्या पोटावरून विषय निघाला. मी पुरणाचं पाचवं कडबू घेत होतो. चिडून म्हणालो, "उद्यापासून सायकल सुरू करणार आहे."

"कुठवर जाणार?" मुकुंदरावांनी विचारलं. "रायापूरपर्यंत?"

रायापूर म्हणजे धारवाडची वेस. इतका अपमान पाचव्या कडबूलाही सोसवला नाही. "हुबळीपर्यंत येतो की! यंदाचं सीमोल्लंघन सायकलवर. दसऱ्याला सोनं द्यायला तुमच्या दारात सायकलवरून नाही उतरलो तर नाव सांगणार नाही."

पंगतीत वीस माणसं होती. वीसही जणांनी ऐकलं. मुकुंदराव म्हणाले, "या या, उतारच आहे सगळा. पाणीसुद्धा येतं." धारवाड उंचावर आणि हुबळी खाली, हे खरं आहे. पण मधे चढही आहेत, हे पाण्याला ठाऊक नसलं तरी मला ठाऊक होतं.

आम्ही बसने परत निघालो. नवलूर गेल्यावर कमल म्हणाली, "माळ्यावर आता जागा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे पुरं करा. नाहीतर यापुढचं खूळ डोक्यातच ठेवायचं, घरात आणायचं नाही. अण्णा दुकानात तुमच्यावरून हसवतो ना, तेव्हा मला तिथं उभं राहवत नाही हो."

हे ती पहिल्यांदाच बोलली. मला वाटायचं, ती मुकुंदरावांबरोबर हसत असेल. मी खिडकीबाहेर बघत राहिलो आणि मनाशी म्हटलं, यशवंत नरगुंदकर, आता पोचायलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी गिअरची सायकल घेतली. दुकानदार म्हणाला, ही डोंगरावर चढायची सायकल. जाड टायर, पुढे-मागे स्प्रिंगा, अठरा गिअर, लाल रंग, आणि किंमत अशी की शंका यायला हवी होती. अठरांपैकी तीन गिअर लागत, तेही त्यांच्या मर्जीने. वजन असं की ती ओट्यावर चढवताना मला आमचा जुना पाटा-वरवंटा आठवला. पहिल्या दिवशी गल्लीत फेरी मारून आलो तेव्हा दारात उभी राहून कमल म्हणाली, "सीट वर घ्या. गुडघे हनुवटीला लागतायत. आणि चढाला सारखे गिअर बदलू नका, एकच धरा." मी हसलो. गिअरची सायकल काय असते हे बायकांना कसं समजावून सांगायचं, असा विचार केला आणि सोडून दिला.

आता एक रिवाज सांगायला हवा. कमलच्या माहेरी नवीन धातूची वस्तू घरात आली की नाव घातल्याशिवाय वापरायची नाही. तांब्या असो, डबा असो, चमचा असो. मुकुंदरावांच्या दुकानात कोपऱ्यात नागोजी बसतो. त्याचं काम एकच, हातातल्या कुरकुरणाऱ्या मशीनने भांड्यांवर नावं घालायची. आमच्या घरी गाळणीवरसुद्धा नाव आहे. मुकुंदरावांचा निरोप आला, "सायकल घेऊन या, नाव घालू. चोरीची भीती नको."

कल्पना वाईट नव्हती. पण सायकल हुबळीला न्यायची कशी? दसऱ्याआधी चालवत नेली तर दसऱ्याचं महत्त्व कमी होईल, असं कारण मी स्वतःला दिलं आणि ती बसच्या टपावर चढवली. कंडक्टरने तिचं लगेजचं तिकीट फाडलं. दुर्गदबैलात हातगाड्यांच्या गर्दीतून मी ती ढकलत आणली तेव्हा मुकुंदराव गल्ल्यावरून ओरडले, "काय, दसरा लवकर आला?"

मी आत चहा घेत बसलो. नागोजीने तासाभरात काम उरकलं. हँडल, पायडल, ब्रेकच्या मुठी, रिमा, पुढच्या चाकाचा चिमटा, सीटखालचा दांडा, जिथं जिथं चकचकीत धातू दिसला तिथं तिथं त्याने सुबक अक्षरांत कोरलं होतं: 'सौ. कमल य. नरगुंदकर'. फक्त फ्रेम राहिली होती. तिच्यावर रंग होता आणि नागोजी रंगावर काम करत नाही.

"अरे, सायकल माझी आहे!" मी ओरडलो.

नागोजीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तीस वर्षं नावं घालतोय मी. वस्तू घरची असली की नाव बाईंचं. बाप्याचं कोण घालतंय?"

कोरलेलं पुसता येत नाही. सायकल पुन्हा टपावर चढली. यानंतर कचेरीत ती लावताना मी हँडलवर रुमाल टाकू लागलो.

पहिल्या रविवारी सकाळी मी सरावाला निघालो. पहिल्या चढाला चेन पडली, दुसऱ्या चढाला मी. परत आलो तो सायकल ढकलत. गल्लीतल्या दोन विद्वानांनी हे बघितलं आणि त्या दिवसापासून गल्लीत दोन पक्ष झाले.

पहिला पक्ष बाळाचार्यांचा. हे निवृत्त संस्कृत शिक्षक, समोरच्या घरात राहतात. त्यांनी सायकल उभ्या उभ्या तपासली. "टाकून देऊ नका. जीर्णोद्धार करा. देऊळ मोडकं झालं म्हणून कोणी दुसऱ्याचं देऊळ विकत घेतं का? एकेक भाग चांगला बसवत जा. मूळ तेच राहतं."

दुसरा पक्ष वेंकटेशचा. हा शेजारच्या घरातला, बँकेत ऑफिसर, कानडी माणूस, पण भांडायचं असलं की मराठीत भांडतो. तो म्हणाला, "जीर्णोद्धार काय घेऊन बसलाय री! भंगारावर खर्च कशाला? विकून टाका. चांगली सेकंडहँड घ्या. नीट माणसाने वापरलेली."

"दुसऱ्याने वापरलेली सायकल मी घेणार नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या बाणेदारपणे म्हटलं की त्याचा मला पुढे फार त्रास झाला.

आमच्या चौकात दस्तगीरचं सायकलीचं दुकान आहे. दस्तगीर थोडं बोलतो आणि खरं बोलतो. असा मेकॅनिक मिळणं भाग्याचं, असं लोक म्हणतात. त्याने लाल सायकल फिरवून बघितली, पायडल उलटं मारलं, आवाज ऐकला आणि पान्हा खाली ठेवला.

"साहेब, हिची फ्रेमच लोखंडी आहे. वर किती केलं तरी तेवढंच. माझ्याकडे एक जुनी आलीय. इंजिनिअरिंग कॉलेजातले श्रीवत्स सर अमेरिकेला गेले, त्यांची. हलकी, फॉरेनची. त्यांचे वडील म्हणाले, अख्खी वीक नाहीतर सुटे भाग वीक. तुम्ही अख्खी घ्या."

"अख्खी नको," मी म्हणालो. "वापरलेली सायकल घेणार नाही म्हणून मी चारचौघांत बोललोय. भाग मात्र बसव."

"भागपण वापरलेलेच आहेत, साहेब."

"ते वेगळं."

ते वेगळं कसं, हे दस्तगीरने विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं. पण माझ्या कचेरीतल्या हुद्द्याचा त्याने मान राखला. मी जमीन मोजणीच्या कचेरीत हेडक्लार्क आहे. लोक माझ्यापुढे कारण विचारत नाहीत.

जीर्णोद्धार सुरू झाला. आधी फक्त मागचे गिअर बदलायचे होते. पण नव्या गिअरवर जुनी चेन बसेना. चेन बदलली तर पुढची दातेरी चाकं-पायडलं जुळेनात. ती बदलली. आता सायकल पळायला लागली, आणि मग कळलं की ती थांबत नाही. ब्रेक बदलले. ब्रेक रिमा धरीनात, म्हणून रिमा बदलल्या. दर आठवड्याला मी जायचो, दर आठवड्याला दस्तगीर म्हणायचा, "साहेब, अजून सांगतो, अख्खी घ्या," आणि दर आठवड्याला बाळाचार्य कट्ट्यावरून म्हणायचे, "अर्धवट सोडू नका." अर्धवट हा शब्द माझ्या घरात फार वाईट. मी चिमटा बदलला. हँडल बदललं. शेवटी सीटही बदलली. काढलेले भाग मी उदारपणे दस्तगीरकडेच ठेवले. "असू दे तुझ्याकडे, कुठं तरी लागतील," म्हणालो.

ते लागले.

दसऱ्याला आठ दिवस राहिले. मी पहाटे जीर्णोद्धारित सायकल घेऊन निघालो. रायापूर आलं आणि माझा श्वास संपला. सगळे भाग उत्तम चालत होते, आणि मधली लाल लोखंडी फ्रेम धोंड्यासारखी बसून होती. मी रस्त्याच्या कडेला बसलो. दुधाच्या गाडीवाल्याने विचारलं, "यान्री, काय हो, पडलात का?" पडलो नव्हतो. पण पडलो असतो तर निदान सांगायला कारण मिळालं असतं.

घरी आलो. कमलने सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिची नजर माळ्याच्या दिशेने गेल्यासारखी मला वाटली, आणि मी तसाच वेंकटेशकडे गेलो आणि म्हणालो, "तुमचा पक्ष बरोबर होता."

पक्षांतर केलेल्या माणसाला नव्या पक्षात फार मान मिळतो. वेंकटेशने त्याच संध्याकाळी चक्रं फिरवली. श्रीवत्सचे वडील त्याच्या बँकेत येत. त्यांच्याकडे मुलाची सायकल आहे, नुकतीच दस्तगीरकडून घरी आणली आहे, आणि दुसरी सायकल आणि वर थोडे पैसे दिले तर ते ती द्यायला तयार आहेत, असं कळलं. दस्तगीरला विचारावं असं माझ्या मनात आलं. पण तो भाचीच्या लग्नाला सवणूरला गेला होता आणि दुकानाला कुलूप होतं.

दिवेलागणीच्या वेळी व्यवहार झाला. सायकलीची फ्रेम राखाडी, दांडा पुढून मागे उतरता, आणि एका हाताने उचलली तर खरंच उचलली गेली! मी तिथंच वेंकटेशला मिठी मारली. बाकीच्या भागांवर ग्रीसचा थर होता, मुठींना काळी पट्टी गुंडाळली होती. जपून वापरलेली दिसतेय, मी म्हणालो. माझी लाल सायकल श्रीवत्सच्या वडिलांनी घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या भाच्यासाठी बेळगावला रवानाही झाली. नव्या सायकलीवर तीन दिवस मी कचेरीत गेलो आलो. ती जरा कुरकुरत होती, गिअरही लागेनात. परदेशी वस्तूला आपलं हवामान मानवायला वेळ लागतो, असं मी सहकाऱ्यांना सांगितलं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी यंत्रं-हत्यारं पुजतात. विळी, शिवणयंत्र, माझं स्टेपलर आणि अर्थात सायकल. कमलने सकाळी गंध-फुलं लावायच्या आधी सायकल पुसायला घेतली. रॉकेलची चिंधी घेऊन तिने हँडलवरचा ग्रीस काढला. मग ती थांबली. मग तिने पायडल पुसलं. मग रिम पुसली.

"अहो," ती आतून म्हणाली, "ह्या अमेरिकेच्या सायकलीवर माझं नाव कसं आलं?"

मी बाहेर आलो. हँडलवर 'सौ. कमल य. नरगुंदकर'. पायडलवर 'सौ. कमल य. नरगुंदकर'. चिमट्यावर, रिमांवर, सीटच्या दांड्यावर. माझी बायको त्या सायकलीवर जागोजाग लिहिलेली होती. फ्रेम तेवढी परकी.

दस्तगीर त्याच सकाळी सवणूरहून परतला होता. मी त्याच्या दुकानात धावत गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, मी दर आठवड्याला सांगितलं की नाही? श्रीवत्स सरांच्या सायकलीचे भाग काढून मी तुमच्या सायकलीवर बसवले. त्यांचे वडील म्हणाले, आता उरलेली फ्रेम घरी नेतो, जे मिळेल ते बसवून दे. तुमचे टाकलेले भाग पडले होते, तेच बसवले. त्यांना सांगूनच बसवले. तुम्ही मला विचारायचं तर!"

मी तिथल्या स्टुलावर बसलो. हळूहळू सगळं लक्षात आलं. श्रीवत्सची सायकल मी विकत घेतली होती. आधी फ्रेम सोडून सगळी घेतली आणि नंतर नुसती फ्रेम घेतली. मात्र बदल्यात दिलेल्या लाल सायकलीबरोबर तिचे चांगले भाग बेळगावला निघून गेले होते आणि मी टाकून दिलेले भाग पैसे देऊन घरी परत आणले होते. अशी फसवणूक करायला फार बुद्धी लागते, आणि ती मी कुणाच्याही मदतीशिवाय केली होती.

"निदान गिअर तरी नीट बसव," मी म्हणालो. "उद्या हुबळी गाठायची आहे."

दस्तगीरने भिंतीकडे बोट केलं. पाटावर त्याचे पान्हे, पकडी, पंप ओळीने मांडलेले, वर झेंडूची फुलं. "आज पान्ह्याला हात लावत नाही, साहेब. चौकातल्या सगळ्या दुकानांचा रिवाज आहे. उद्या पूजा उचलली की बघू."

"उद्या मला निघायचंय."

"मग एकच गिअर धरा, साहेब. सोडू नका."

हे मी आधी कुठं तरी ऐकलं होतं.

रात्री मी कमलला म्हणालो, "उद्याचं राहू दे का?" ती सोन्याच्या, म्हणजे आपट्याच्या पानांच्या, जुड्या बांधत होती. म्हणाली, "जा. नाही पोचलात तर नाही पोचलात. पण निघा." मग जुडीला गाठ मारून म्हणाली, "मी नऊच्या बसने पिशवी घेऊन येते. रस्त्यात दिसलात तर हात करीन."

दसऱ्याच्या सकाळी मी निघालो. बाळाचार्यांनी मंत्र म्हटला, वेंकटेशने टायरखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडलं आणि मला फार बरं वाटलं. फ्रेम हलकी होती, एक गिअर धरला होता, आणि खरं सांगतो, मी चाललो होतो! रायापूर आलं. मी ज्या कडेला बसलो होतो ती कड मागे पडणार इतक्यात समोर दसऱ्याच्या बंदोबस्ताचा एक हवालदार आडवा आला आणि त्याने शिट्टी मारली.

"यार्दरी ई सैकल?" त्याने विचारलं. सायकल कुणाची.

"माझी."

त्याने हँडल वाचलं. पायडल वाचलं. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचं नाव कमल?"

"कमल माझी बायको."

"मग सायकल त्यांची. त्यांना सांगून आणलीत?"

मी खिशातून पावती काढली. ती लाल सायकलीची. फ्रेमचा नंबर जुळेना. मी सांगायला सुरुवात केली: भाग माझे, फ्रेम श्रीवत्सची, श्रीवत्सचे भाग माझ्या फ्रेमवर, माझी फ्रेम बेळगावला. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो त्याच दिवशी फेटाळला असता. पावती एकाची, नंबर दुसऱ्याचा, नाव तिसऱ्याचं. हवालदार म्हणाला, "मालकीणबाईंना बोलवा. तोवर बसा." नेमकं असंच मी लोकांना म्हणतो. आणि ते बसतात. त्यांना कसं वाटतं हे मला त्या दगडावर बसून कळलं.

बसमागून बस जात होती. सकाळपासून मी जे चाललो होतो ते चालणं असं मोडलं. आणि तेवढ्यात एक बस पुढे जाऊन कचकन थांबली. कमल उतरली. जरीकाठी हिरवं पातळ, हातात आपट्याच्या पानांची पिशवी.

तिने सगळं ऐकून घेतलं. हवालदार म्हणाला, "अक्का, सायकल तुमची म्हणता. मग चालवता येते का? का नुसतं नाव?"

त्याचा हेतू काय होता, देव जाणे. दसऱ्याची गंमत असेल. पण कमलच्या नाकपुड्या फुलल्या. तिने पिशवी माझ्या हातात दिली. पदर खोचला, निऱ्या वर खोचल्या, उतरत्या दांड्यावरून पाय टाकला, एका पायडलवर उभी राहिली आणि सायकल सुटली. मी "अगं, गिअर!" असं ओरडलो. ती ओरडली, "एकच धरलाय!" आणि गेली.

हुबळीच्या दिशेने गेली. वळून येईल म्हणून हवालदार आणि मी बघत राहिलो. आली नाही. हवालदार म्हणाला, "अक्का येईपर्यंत तुम्ही इथंच." म्हणजे मी आता तारण होतो. वीस मिनिटांनी त्यालाच माझी दया आली. "होगरी," तो म्हणाला. "जा. बस पकडा."

दुर्गदबैलात मी बसने पोचलो, आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन. दसऱ्याच्या खरेदीची गर्दी होती. मुकुंदरावांच्या दुकानाच्या पायरीला सायकल टेकून उभी, तिच्या हँडलला झेंडूची माळ. कमल आत स्टुलावर बसून पाणी पीत होती. केस सुटलेले, कपाळावरचं कुंकू पसरलेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी ते कधी पाहिलेलं नव्हतं.

मुकुंदराव मला बघून काही बोलणार, एवढ्यात मीच म्हणालो, "सायकल आली. मी मागनं आलो. सांगा आता गिऱ्हाइकांना."

पण ते हसले नाहीत. "निपाणीला असताना, मी थोरला असून, ही मला मागे बसवून शाळेत न्यायची हो," ते म्हणाले. "मला भीती वाटायची म्हणून मी डोळे मिटायचो. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत मी बाजाची पेटी, अळिंबी, मधमाश्या सगळ्यांची माहिती काढली, पण हिला सायकल येते का हे विचारलं नव्हतं. मी सगळ्यांदेखत तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "नाही झालं गं माझ्याच्यानं."

"कोण म्हणतं?" कमल म्हणाली. मग तिने कोपऱ्यात वळून हाक मारली, "नागोजी, हिच्या फ्रेमवर नाव नाही. घाल."

"रंगावर मी घालत नाही, अक्का."

"आज घाल."

"घालतो. सौ. कमल..."

"मी सांगते तसं."

तिने सांगितलं. नागोजी दोनदा थांबला, दोनदा तिच्याकडे बघितलं, आणि मशीन कुरकुरलं. राखाडी रंगातून चकचकीत अक्षरं वर आली: 'सौ. कमल हिजकडून श्री. यशवंतराव यांस, दसरा २००३'. तीस वर्षांत बाप्याचं नाव पहिल्यांदा, तो पुटपुटला, आणि 'श्री'ला त्याने उगाच एक वेलांटी जास्त मारली.

जेवणं झाली. सोनं दिलं-घेतलं. चार वाजता कमल उठली. "मी बसने जाते. माझे पाय गेलेत. तुम्ही तुमची सायकल घेऊन या."

हुबळीहून धारवाड म्हणजे सगळा चढ. पाणीसुद्धा जात नाही. मी काही म्हणणार होतो, पण मुकुंदराव बघत होते आणि कमलही बघत होती. मी एक गिअर धरला आणि निघालो. उणकलपर्यंत बसलो होतो, पुढे उतरलो, पुन्हा बसलो. किती ढकलली आणि किती चालवली हे मी इथं लिहीत नाही. रायापूरला तोच हवालदार. त्याने वाकून फ्रेम वाचली, ओठ हलवत.

"हे सकाळी का नाही दाखवलंत?" तो म्हणाला आणि हात करून मला जाऊ दिलं.

मालमड्डीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सीमोल्लंघनाहून आलेल्याला दारात ओवाळतात. कमल निरांजन घेऊन उभी होती. तिने मला ओवाळलं, मग सायकलीच्या फ्रेमला कुंकू लावलं. शेवटी मला धीर धरवेना म्हणून मीच विचारलं, "हिला आता वर ठेवायची का?"

"छे. सकाळी मला लागणार आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही उद्या शिडी लावून ती बाजाची पेटी खाली काढा. 'प' राहिलाय तुमचा."

माझ्या पोटऱ्यांत इतके गोळे आले होते की मला उंबरासुद्धा चढता येत नव्हता. मी काढतो म्हणालो.